वकिलीच्या वाटा आणि एका लग्नाची तारीख

माझ्या कार्यालयात काम शिकणाऱ्या मुलीला वकिलीची सनद मिळून तीन वर्षे पूर्ण झाली आणि गेल्या आठवड्यात ती एक कागद माझ्या टेबलावर ठेवून उभी राहिली. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी या पदाच्या परीक्षेला तिला बसायचे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २० मे २०२५ च्या निकालाने या पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली आहे. ती वकिली झाल्याचे प्रमाणपत्र दहा वर्षे व्यवसाय केलेला वकील देऊ शकतो, मात्र त्यावर त्या न्यायालयाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचा शेरा लागतो. कागद माझ्या सहीसाठी होता. मी चष्मा शोधत असताना तिने सहज विचारले, "मॅडम, तुम्ही का नाही दिली ही परीक्षा?"

त्या वेळी बोर्डावर, म्हणजे न्यायालयाच्या त्या दिवसाच्या कामांच्या यादीत, आमचे काम लागलेले होते म्हणून मी "नंतर सांगते" म्हणून उठले. उत्तर द्यायचे तर एका वाक्यात देता येणार नाही, म्हणून इथे लिहिते आहे. मला सनद मिळाली २००१ मध्ये. पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, त्याच सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांची अट काढून टाकली होती, त्यामुळे आमच्या वर्गातील कित्येक जण काळा कोट नीट अंगावर बसण्याआधीच परीक्षेच्या अभ्यासाला लागले होते. मीही पुस्तके आणली होती. ती उघडली गेली नाहीत याचे कारण म्हणजे मी ज्यांच्या हाताखाली काम शिकत होते ते आमचे सर, आणि त्यांच्या कार्यालयात मी करून ठेवलेली एक चूक.

सातारा जिल्ह्यातील एका तालुका न्यायालयात सरांची पस्तीस वर्षांची वकिली होती. मला महिना पाचशे रुपये मिळत, वर्षभराने हजार झाले. भारतीय वकील परिषदेने ऑक्टोबर २०२४ मध्ये कनिष्ठ वकिलांना शहरात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे अशी शिफारस केली आहे. ती शिफारस बंधनकारक नसल्याने प्रत्यक्षात काय मिळते हे कोणत्याही बार रूममध्ये विचारल्यास कळेल. पहिल्या आठ महिन्यांत न्यायालयासमोर मी जे काही बोलले ते बहुतांशी "मुदत मिळावी" एवढेच होते. उरलेला वेळ नकलेचे अर्ज करणे, रोजनामे, म्हणजे प्रत्येक तारखेला न्यायालयात काय झाले त्याच्या नोंदी, उतरवून घेणे, सात-बारा उतारे आणि फेरफार नोंदी एकमेकींशी ताडून पाहणे, आणि सरांच्या डायरीत पुढच्या तारखा लिहिणे यांत जात असे. त्या वेळी ही हमाली वाटे.

सर फाईल नेहमी मागून वाचत. आधी कागदयादीसोबत दाखल झालेले कागद, मग साक्षीपुरावा, मग कैफियत, म्हणजे प्रतिवादीचे लेखी उत्तर, आणि सर्वांत शेवटी दावा. याचे कारण त्यांनी एकदाच सांगितले होते. दाव्यात पक्षकाराला काय वाटते ते असते आणि कागदात काय घडले ते असते, आणि जे वाटते ते आधी वाचले की जे घडले ते दिसेनासे होते. मनाईचा अर्ज, म्हणजे दावा चालू असेतो समोरच्याला रोखण्यासाठीचा आणि आमच्याकडे ज्याला सगळे नुसते 'निशाणी पाच' म्हणतात तो, लिहिण्यापूर्वी ते जमीन पाहायला जात. खरेदीखतातील चतुःसीमा हातात धरून बांधावरून चालत, आणि पूर्वेला लिहिलेला ओढा खरोखर पूर्वेलाच आहे की नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहत. एकदा तो पूर्वेला नव्हता. पक्षकाराने खरेदीखतावर बोट ठेवून तो तिथेच असल्याचे शपथेवर सांगण्याची तयारी दाखवली होती आणि सरांनी ते प्रकरण घेतले नाही. फी गेली म्हणून मला हळहळ वाटली होती.

आता माझी चूक. २००३ मध्ये वडिलोपार्जित शेतजमिनीच्या वाटपाचा एक दावा आमच्याकडे आला. वडील २००१ मध्ये वारले होते आणि आई त्याआधीच गेली होती. दोन भाऊ, दोन बहिणी. धाकटा भाऊ आमचा पक्षकार होता आणि थोरला सगळी जमीन कसत होता. सर एका सत्र खटल्यात गुंतलेले होते, त्यामुळे मसुदा मी केला. बहिणींचे काय, असे मी विचारले होते. "त्यांनी हक्क सोडलाय, दोघींनी, घरात बसून सांगितलंय," असे पक्षकार म्हणाला आणि मी ते लिहून मोकळी झाले. स्थावर मालमत्तेतील हक्क तोंडी सोडता येत नाही, त्याला नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते, हे १९०८ च्या नोंदणी कायद्यातील कलम मला पाठ होते. परीक्षेत त्यावर मी पानभर उत्तर लिहिले असते. पण समोर बसलेला माणूस इतक्या खात्रीने बोलत होता की पाठ असलेले कलम मला आठवलेच नाही. दावा फक्त दोन भावांमधला झाला, निम्म्या हिश्श्याची मागणी झाली, सरांनी माझ्यावर विश्वास ठेवून सही केली.

थोरल्या भावाची कैफियत आली तेव्हा तिच्यात पहिला आक्षेप आवश्यक पक्षकार सामील न केल्याचा होता. सरांनी ती वाचली, पक्षकाराला बोलावले आणि माझ्यादेखत त्याला एकच प्रश्न विचारला.

"धाकट्या बहिणीचं लग्न कधी झालं?"

"शहाण्णव साली. मे महिन्यात."

सरांनी समोरच्या कागदावर '२२ जून १९९४' ही तारीख लिहून कागद माझ्याकडे सरकवला. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क देणारी केंद्रीय दुरुस्ती २००५ ची असली, तरी महाराष्ट्राने त्याआधी अकरा वर्षे स्वतःची दुरुस्ती केली होती आणि ती २२ जून १९९४ पासून अमलात होती. त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुलीला तिचा लाभ नव्हता, नंतर लग्न झालेल्या मुलीला होता. म्हणजे १९८५ मध्ये लग्न झालेली थोरली बहीण केवळ वडिलांच्या हिश्श्याची वारस होती, तर १९९६ मध्ये लग्न झालेली धाकटी भावांच्या बरोबरीची सहदायाद, म्हणजे जन्मतः हिस्सेदार, होती. हिशेब असा होता: वडील, दोन मुलगे आणि धाकटी मुलगी यांचे चार समान भाग करायचे, मग वडिलांचा चौथा भाग चारही अपत्यांत वाटायचा. आमच्या पक्षकाराच्या वाट्याला येत होते सोळापैकी पाच भाग. मी मागितले होते सोळापैकी आठ.

सर रागावले नाहीत. "हे त्याला तू सांग," एवढेच म्हणाले आणि चहा प्यायला बाहेर गेले. मी सांगितले. पक्षकार बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला आणि मग म्हणाला, "वकीलबाई, हे दावा लावायच्या आधी का नाही सांगितलं?" दावा दुरुस्त करून बहिणींना सामील करणे, त्यांना समन्स बजावणे, त्यांच्या कैफियती येणे यात पुढचे चौदा महिने गेले. त्यानंतर ९ सप्टेंबर २००५ रोजी केंद्रीय दुरुस्ती लागू झाली आणि विवाहित-अविवाहित हा भेदच गेला. वडील त्या तारखेपूर्वी वारले असतील तर मुलीला हक्क आहे की नाही, या प्रश्नावर पंधरा वर्षे उलटसुलट निकाल होत राहिले आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी मुलींच्या बाजूने मिटवला. आमचा दावा तोपर्यंत थांबला नाही. २०११ मध्ये लोकअदालतीत चौघांचे चार सारखे भाग करून तडजोड झाली, असे मला सरांनी फोनवर कळवले. मी तेव्हा तिथे नव्हते.

त्या चौदा महिन्यांत परीक्षेची पुस्तके मी बांधून ठेवली. ज्या बाईला अशिलाला लग्नाची तारीख विचारायचे सुचत नाही, तिने दुसऱ्याच्या वाटपाचा निकाल द्यायला बसू नये, असे मला वाटले. हा विचार आज मला थोडा नाटकी वाटतो, कारण चुका करूनच न्यायाधीशही शिकतात आणि माझ्या वर्गातून परीक्षा देऊन गेलेल्यांपैकी दोघींचे निकालपत्र मी आजही आदराने वाचते. पण त्या वयात तो विचार खरा होता.

आमच्या वर्गाच्या वाटा इतक्या फुटल्या की दर दिवाळीत जमणाऱ्या मंडळींना एकमेकांचे काम समजावून सांगावे लागते. एक जण लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन सहायक सरकारी अभियोक्ता झाला. एक बँकेत विधी अधिकारी आहे आणि गहाणखतांच्या पलीकडे तिला बोलायचे नसते. एक २०२२ नंतर सुरू झालेल्या विधी साहाय्य बचाव वकील योजनेत पूर्णवेळ गेली, जिथे खासगी पक्षकार घेता येत नाहीत आणि ज्यांना वकील परवडत नाही अशा आरोपींचीच कामे करायची असतात. या तिघांविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, पण ज्या दोघांची वकिली 'वकिली' म्हणून मोजलीच जात नाही त्यांच्याविषयीच इथे लिहिते.

पहिला महसुली कामे करणारा. दिवाणी न्यायालयातील आम्ही मंडळी 'तो रेव्हेन्यूचा वकील' असे ज्या सुरात म्हणतो तो सूर मला फार पूर्वीपासून खटकत आला आहे. तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी, आयुक्त या पायऱ्यांवरून फेरफाराच्या नोंदीचा एक वाद दहा-बारा वर्षे चढतो-उतरतो आणि शेतकऱ्याचे सगळे अर्थकारण त्या नोंदीवर उभे असते. शेताला जाणारा वहिवाटीचा रस्ता शेजाऱ्याने नांगरून टाकला, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली सहा महिन्यांच्या आत दाद मागावी लागते. रस्ताच नसेल, तर जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमाखाली बांधावरून मागावा लागतो. या दोहोंतला फरक न कळल्याने चुकीच्या कलमाखाली गेलेले अर्ज किती नामंजूर होतात हे त्याच्याकडून ऐकावे. तो रस्त्याचे प्रकरण घेतले की पहिल्या पावसानंतर जागेवर जातो, कारण बैलगाडीची चाकोरी नांगरली तरी तिथली माती दबलेली असते आणि पाणी तिथे साचते. हे त्याला कोणत्याही महाविद्यालयाने शिकवलेले नाही.

दुसरी माझी मैत्रीण, जिने गेल्या पंधरा वर्षांत न्यायालयात एक शब्द उच्चारलेला नाही. ती भाषांतर करते. महाराष्ट्रात जिल्हा न्यायालयापर्यंतची भाषा १९९८ च्या अधिसूचनेनुसार मराठी आहे, उच्च न्यायालयाची इंग्रजी. त्यामुळे अपील वर गेले की साक्षी, खरेदीखते, पंचनामे, पत्रे सगळे इंग्रजीत न्यावे लागते, आणि जुने दस्त मोडीत असतील तर आधी मोडीतून देवनागरीत. साक्षीदार 'मी तिथे होतो' म्हणाला की 'मी तिथेच होतो' म्हणाला, हा त्या एका 'च'चा प्रश्न तिच्यासाठी अर्धा दिवस खाऊ शकतो, कारण वरच्या न्यायालयात बसलेल्या न्यायमूर्तींसमोर तो साक्षीदार आता कधीच येणार नसतो. येणार असते ते फक्त तिचे वाक्य. तिचे नाव कोणत्याही निकालपत्रात छापले जात नाही. तिच्याइतके काळजीपूर्वक वाचणारी वकील मी मात्र दुसरी पाहिलेली नाही, आणि माझी स्वतःची फाईल अपिलात जाणार असेल तर मी आधी तिला दाखवते.

वाट सरळ नसणे ही आपल्याकडची जुनीच गोष्ट आहे. नाशिकमध्ये १८६६ साली जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डला कायदा शिकून आल्या, तरी स्त्री म्हणून त्यांना बॅरिस्टर होता येईना. मधली कित्येक वर्षे त्या बंगालमध्ये कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या, म्हणजे स्वतः कारभार पाहू न शकणाऱ्या जमीनदारांच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या सरकारी खात्याच्या, सेवेत, पडद्यातील जमीनदार स्त्रियांच्या कायदेविषयक सल्लागार म्हणून काम करत होत्या. स्त्रियांना वकिली खुली करणारा कायदा १९२३ मध्ये झाला, तेव्हा त्यांचे वय छप्पन्न होते. त्याच १९२३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत वकिली सुरू केली. अस्पृश्य वकिलाला कामे देण्यास सॉलिसिटर तयार नसत, तेव्हा त्यांची भिस्त बरीचशी जिल्ह्याच्या न्यायालयांवर आणि शिकवण्यावर होती. १९२६ मध्ये त्यांनी ब्राह्मणेतर चळवळीतील पुढाऱ्यांवरील अब्रुनुकसानीचा पुण्याचा खटला लढवून जिंकला आणि १९३५ मध्ये ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. सासवडचे वि. म. तारकुंडे यांनी पुण्यात वकिली सुरू केली, पुढे ती सोडून पूर्णवेळ राजकीय पक्षाचे काम केले, १९४८ मध्ये मुंबईत पुन्हा वकिलीकडे वळले, १९५७ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले, आणि १९६९ मध्ये ते पद सोडून दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात पुन्हा वकील म्हणून उभे राहिले. आजच्या भाषेत याला कोणी 'करिअर गॅप' म्हणेल. मुलाखतीत मला हा शब्द ऐकवला गेला होता, म्हणून आठवले.

२००६ मध्ये लग्नानंतर मी पुण्याला आले आणि एका कंपनीच्या विधी विभागात नोकरीला लागले. वकील परिषदेच्या नियमांनुसार पूर्णवेळ पगारी नोकरी आणि वकिली एकत्र करता येत नाही, म्हणून परिषदेला कळवून मी सनद स्थगित केली. त्या अर्जावर सही करताना हात जड झाला होता हे कबूल करते. कंपनीतील वकिली ही दुय्यम, वातानुकूलित खोलीतली कारकुनी असते, असा समज घेऊन मी तिथे गेले होते. पहिल्याच वर्षी तो गेला. न्यायालयात आपल्याकडे करार येतो तो तुटल्यानंतर, आणि त्यातल्या चुका आपल्याला सहज दिसतात. तिथे करार व्हायच्या आधी बसून, दोन्ही बाजू एकमेकांशी गोड बोलत असताना, हे उद्या कोणत्या वाक्यावरून भांडतील याचा विचार करायचा असतो, आणि तो विचार बोलून दाखवला की खोलीतल्या सगळ्यांचा उत्साह मावळतो. माल नाकारायचा असेल तर किती दिवसांत आणि कोणाला कळवायचे, वाद झाला तर तो कोणत्या गावच्या न्यायालयात चालेल, नोटीस कोणत्या पत्त्यावर द्यायची, अशा कंटाळवाण्या प्रश्नांवर मी सहा वर्षे काढली. तिथेच मला लक्षात आले की सरांनी मला दिलेली सवय आणि हे काम यांत फरक नाही. ते कागद मागून वाचायला शिकवत होते, इथे कागद पुढून लिहायचा होता. दोन्हीकडे 'घरात बसून ठरलंय' या वाक्याला थांबवायचे होते.

एक अडचण मात्र खरी होती. कंपनीत माझा अशील आणि माझा मालक एकच होता. विक्री विभागाला हवा असलेला करार धोक्याचा आहे असे लिहून दिल्यावर, तो धोका 'व्यवसायाने स्वीकारला आहे' असा शेरा मारून फाईल पुढे जाई आणि मला त्याच इमारतीत दुसऱ्या दिवशी जेवायला बसायचे असे. स्वतंत्र वकील असते तर काम सोडू शकले असते. नोकरीतले चांगले वकील हे कसे सांभाळतात ते मी तिथल्या वरिष्ठ बाईंकडून पाहिले: त्या नकार कधीच तोंडी देत नसत आणि लेखी नकारासोबत दुसरा मसुदा नेहमी जोडत.

२०१२ मध्ये सनद पुन्हा चालू करून शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात आले तेव्हा मी पस्तिशी ओलांडली होती आणि माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान वकील मला बोर्ड कुठे लागतो ते दाखवत होते. पक्षकार नव्हते. जाहिरात करायला वकिलाला परवानगी नाही, ती नसावी असेच माझे मत आहे, पण परतून आलेल्या माणसाचे पहिले वर्ष त्यामुळे फार शांत जाते. मी विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीत नाव घातले. १९८७ च्या त्या कायद्याखाली स्त्रियांना, तसेच कोठडीत असलेल्यांना, उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो, हे आजही शिकलेल्या बायकांना ठाऊक नसते. तिथून कौटुंबिक न्यायालयाची कामे आली, आणि चाळीस तासांचे प्रशिक्षण घेऊन मी मध्यस्थ झाले.

मध्यस्थाच्या खुर्चीत बसल्यावर आपण वकील म्हणून किती बोलतो याची लाज वाटू लागते. नवराबायको समोर बसलेली असतात, दोघांचे आरोप अर्जात लिहिलेले असतात, आणि तासाभराने कळते की खरे भांडण दागिन्यांवरून नसून सासरच्या घरातील एका खोलीच्या किल्लीवरून आहे. ती किल्ली कोणत्याच अर्जात नसते, कारण दोन्ही वकिलांनी तो प्रश्न विचारलेलाच नसतो. मध्यस्थीत जे बोलले जाते ते बाहेर नेता येत नाही, म्हणून यापेक्षा जास्त लिहीत नाही. एवढेच सांगते की तेव्हापासून मी पक्षकाराची पहिली भेट अर्ध्या तासाची करत नाही आणि त्या भेटीत मसुद्याचा कागद समोर ठेवत नाही.

चांगली वकिली म्हणजे उलटतपासात साक्षीदाराला गुंडाळणे, असा समज कथा-कादंबऱ्यांनी आणि मालिकांनी पक्का केला आहे. उलटतपासाची कला असते, आणि आमचे सर तीत वाकबगार होते. पण त्यांचे प्रश्न थोडे असत आणि उत्तर कागदावर आधीच असल्याशिवाय ते प्रश्न विचारत नसत. त्यापेक्षा कठीण काम कार्यालयात असते, जेव्हा समोरच्या माणसाला 'तुमची बाजू कमकुवत आहे' असे सांगायचे असते आणि तो शेजारच्या वकिलाकडे जाणार हे दिसत असते. निकालातील हिश्श्यावर फी ठरवणे आपल्याकडे नियमाने निषिद्ध आहे, आणि हा नियम मला शहाणपणाचा वाटतो, कारण अशिलाच्या जमिनीत वाटा असलेल्या वकिलाला तडजोड सुचणे अवघड जाईल. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या बाहेर ठेवली, तेव्हा बार रूममध्ये पेढे नाही तरी चहा वाटला गेला. मला मात्र तेव्हा तो २००३ चा पक्षकार आठवला. त्याने माझ्याविरुद्ध कुठे जायचे ठरवले असते तर त्याच्याकडे वकील परिषदेखेरीज फारसा मार्ग नव्हता, आणि तिथपर्यंत तो गेला नसताच. तो पुढची आठ वर्षे आमच्याच कार्यालयात येत राहिला.

हल्लीच्या नव्या वकिलांना आमच्यापेक्षा जास्त शिकावे लागते, हे मान्य करायला हवे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, पण त्यापूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच दंड संहिता लागू असल्याने पुढची कित्येक वर्षे दोन्ही कायदे शेजारी ठेवून काम करावे लागणार आहे. फसवणुकीचे चारशे वीस आता तीनशे अठरा झाले, तरी गावात कोणी कोणाला 'तीनशे अठरा' म्हणेल असे वाटत नाही. दुसरीकडे वाटाही वाढल्या आहेत. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच, म्हणजे फिरते खंडपीठ, सुरू झाले. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची कामे तिथे चालतात. चाळीसहून अधिक वर्षे त्या भागातील वकिलांनी त्यासाठी मागणी केली होती. आमच्या काळी तालुक्याचा वकील अपिलाची फाईल बांधून मुंबईच्या वकिलाकडे सोपवत असे आणि तिथेच त्याचा त्या प्रकरणाशी संबंध संपे. आता ज्या वकिलाने बांधावर उभे राहून चतुःसीमा पाहिल्या आहेत, तोच सकाळच्या एसटीने जाऊन उच्च न्यायालयात उभा राहू शकतो. सरांना हे पाहायला मिळाले नाही. ते २०१९ मध्ये गेले.

तर त्या मुलीचा कागद. तिला परीक्षा का द्यायची आहे असे मी काल विचारले. तिच्या घरी शेती आहे, दोन भावांची शिक्षणे व्हायची आहेत आणि दर महिन्याला ठरलेला पगार हवा आहे, असे तिने आडपडदा न ठेवता सांगितले. या कारणात मला काहीही गैर वाटत नाही, आणि माझ्याकडून मिळणाऱ्या विद्यावेतनात ते भागत नाही हेही मला ठाऊक आहे. प्रमाणपत्रात 'नियमितपणे वकिली केली' असे वाक्य आहे. ते मी माझ्या शब्दावर लिहू शकते, कोणी पडताळून पाहणार नाही. तरी मी तिच्याकडून तीनही वर्षांच्या डायऱ्या मागवून घेतल्या आहेत. पहिल्या डायरीत बहुतेक पानांवर 'मुदत' एवढेच आहे. दुसरीत मार्चपासून अक्षर बारीक झाले आहे आणि समासात पक्षकारांना विचारायचे प्रश्न लिहिलेले आहेत, काहींपुढे उत्तर, काहींपुढे नुसते प्रश्नचिन्ह. तिसरी आज रात्री वाचायची आहे.